आत्मभान

आत्मभान म्हणजे आपल्याला आत्ता काय वाटतंय, आपण कशाने भडकतो, कशाने गप्प होतो आणि समोरच्याला कसे दिसतो, याची खरीखुरी ओळख. वेदान्तातलं आत्मज्ञान वेगळं. तिथे शोध देह-मनापलीकडच्या आत्म्याचा आहे, इथे याच रोजच्या मनाचा.

प्राचीन ग्रीसमधल्या डेल्फीच्या अपोलो मंदिरावरचं ‘स्वतःला ओळख’ हे वचन या कल्पनेचं मूळ म्हणून हमखास सांगतात. ते कोणाचं यावर प्राचीन लेखकांचंच जमत नाही. प्लेटोच्या ‘प्रोटॅगोरस’ या संवादात ते ग्रीसच्या सात ज्ञानी पुरुषांनी मिळून अर्पण केलं असं येतं, तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणारा डायोजिनीस लाएर्शियस ते त्या सातांतल्या थेलीसच्या नावावर टाकतो, पण त्यांच्यातल्याच चिलॉनने ते उचललं असं एक मतही तिथेच नोंदवतो. इसवी सनाच्या साधारण दुसऱ्या शतकात प्रवासी लेखक पॉसेनियसने मंदिरात हे वचन असल्याचं लिहून ठेवलंय. मूळ अर्थ ‘मनात डोकाव’ असा नसून ‘तू मर्त्य आहेस, पायरी ओळखून रहा’ असा असावा, हे मत जास्त पटतं.

आधुनिक मानसशास्त्रात या ओळखीवरच शंकाही घेतली गेली. निस्बेट आणि विल्सन यांनी 1977 च्या लेखात एक प्रयोग दिलाय: अगदी सारख्या लांब पायमोज्यांच्या चार जोड्या ओळीने ठेवल्या, लोकांनी जास्त करून उजव्या टोकाचीच निवडली, आणि कारण विचारलं तर विणकाम, पोत असलं काहीबाही सांगितलं, जागेचं नाव कोणीच घेतलं नाही. म्हणजे नुसतं आत बघून सगळं कळतं असं नाही.

आत्मभानाचा बरं होण्याशी असलेला संबंध मुख्यतः भावनेला नाव देण्यातून येतो. लीबरमन आणि सहकाऱ्यांना 2007 मध्ये दिसलं की चिडलेल्या, घाबरलेल्या चेहऱ्यांच्या फोटोंना भावनेचा शब्द लावला की मेंदूतल्या अमिग्डालाची (भीती, धोका टिपणाऱ्या भागाची) सक्रियता कमी होते. पेनेबेकर आणि बील यांच्या 1986 च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी चार दिवस रोज 15 मिनिटं आपल्या आघाताबद्दल लिहिलं, घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लगेच उलट जास्तच वाईट वाटलं, पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतरच्या एकत्रित विश्लेषणांत हा परिणाम छोटाच निघालाय, तेव्हा उपचाराऐवजी वही असं कोणी समजू नये.

मनाच्या चिवटपणाबाबत एक भेद महत्त्वाचा. ट्रॅपनेल आणि कॅम्पबेल यांनी 1999 मध्ये तेच तेच उगाळणं आणि कुतूहलाने स्वतःकडे बघणं यांची मोजमापं वेगळी केली. सावरायला मदत झाली तर ती कुतूहलाने बघण्याची. उगाळण्यात माणूस रुततो.

संवादासाठी लुफ्ट आणि इंगहॅम यांची 1955 ची जोहारी खिडकी अजून वापरात आहे (नाव दोघांच्या जो आणि हॅरी या नावांवरून). आपल्याबद्दल कोणाला काय माहीत, यावरून तिचे चार कप्पे: खुला (आपल्यालाही, इतरांनाही माहीत), आंधळा (फक्त इतरांना), झाकलेला (फक्त आपल्याला) आणि अज्ञात (कोणालाच नाही). आंधळा कप्पा दुसऱ्याने सांगितल्याशिवाय उघडत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त भांडणं तिथेच शिजतात. झाकलेला आपल्या हातात असतो. समजा मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर चूक निघाली, घरी आल्यावर मुलाने पाणी सांडलं आणि आवाज चढला. वरवर हा राग, आत लाज. ती ओळखू आली तर माणूस म्हणू शकतो, ‘आज माझी चूक चारचौघांत निघाली, ते अजून सलतंय, दहा मिनिटं दे मला.’ मग ‘माझं काय चुकलं?’ हे कोडं मुलाला सोडवत बसावं लागत नाही.