मेनोनाइट शिस्तपुस्तिका: कोणता नियम कधीचा

मेनोनाइट हा जाणत्या वयात बाप्तिस्मा देणारा, तलवार आणि शपथ नाकारणारा ख्रिस्ती पंथ. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एखाद्या पुराणमतवादी मेनोनाइट मंडळीत, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, बाप्तिस्म्यासाठी नाव दिलं की आधी शिकवणीच्या वर्गाला बसावं लागतं. तिथे दोन गोष्टी हाताशी असतात. एक, १६३२ सालचा डॉर्ड्रेख्टचा अठरा कलमी विश्वासाचा अंगीकार. दुसरी, मंडळीची किंवा मंडळ्यांच्या संघाची पातळशी शिस्तपुस्तिका. सैन्यात जायचं नाही, शपथ घ्यायची नाही, पहिला जोडीदार हयात असताना पुनर्विवाह नाही, घरात टीव्ही नाही, बोटात लग्नाची अंगठी नाही, पुरुषाच्या गळ्यात टाय नाही, बाईच्या डोक्यावर पांढरं कव्हरिंग (टोपीसारखं झाकण) हवं, असं सगळं तिच्यात एकाच सुरात लिहिलेलं असतं. वाचणाऱ्याला वाटतं, हे सारं एकाच बैठकीत ठरलं असावं. प्रत्यक्षात शपथेच्या आणि टीव्हीच्या नियमांत चारशेहून अधिक वर्षांचं अंतर आहे. कोणता नियम कुठल्या प्रसंगातून आला हे माहीत असलं, तर तो कशासाठी पाळायचा आणि कधी बदलायचा झालाच तर काय जपायचं, हे समजतं.

सगळ्यात खालचा थर स्वित्झर्लंडचा. २१ जानेवारी १५२५ रोजी झुरिकमध्ये कॉनराड ग्रेबेलने जॉर्ज ब्लाउरॉकला बाप्तिस्मा दिला. दोघांचाही लहानपणी बाप्तिस्मा झालेला होता, त्यामुळे नगरपरिषदेच्या लेखी हा गुन्हा होता. त्यांच्याच गटातल्या फेलिक्स मान्त्सला ५ जानेवारी १५२७ रोजी लिमात नदीत बुडवून मारलं. पुढच्याच महिन्यात, २४ फेब्रुवारीला, श्लाइटहाइम इथे मायकल सॅटलरच्या पुढाकाराने सात कलमं मान्य झाली: बाप्तिस्मा, बहिष्कार, भाकर मोडणं (म्हणजे प्रभुभोजन), जगापासून वेगळेपण, पाळक, तलवार आणि शपथ. तीन महिन्यांत सॅटलरलाही देहदंड झाला.

बहिष्काराच्या कलमातली पद्धत आजही जशीच्या तशी दिसते. चुकलेल्याला दोनदा खाजगीत सांगायचं, तिसऱ्यांदा साऱ्या मंडळीसमोर, आणि हे सगळं भाकर मोडण्याच्या आधी. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातूनच हे घेतलं आहे. आज हे कठोर वाटतं, पण त्या काळाशी ताडून पाहायला हवं. पाखंड्याला जाळणं किंवा बुडवणं हीच राजरीत असताना, ‘आमच्याकडे सर्वांत मोठी शिक्षा म्हणजे प्रभुभोजनाच्या पंक्तीतून उठवणं, त्यापलीकडे काही नाही’ असं म्हणणारी ही माणसं होती. वेगळेपणाच्या कलमात दारूचे गुत्ते येतात, नगरकारभार येतो. कपड्याच्या बेतण्याबद्दल मात्र एक अक्षरही नाही.

दुसरा थर नेदरलँड्सचा. फ्रीसलंडमधल्या विटमारसुमचा मेनो सायमन्स हा कॅथलिक धर्मगुरू. १५३४-३५ मध्ये म्युन्स्टरला काही पुनर्बाप्तिस्मावाद्यांनी (जाणत्या वयात पुन्हा बाप्तिस्मा घेणाऱ्यांनी) तलवार हाती घेऊन शहर ताब्यात घेतलं आणि त्याचा रक्तरंजित शेवट झाला. उरलेल्या विखुरलेल्या लोकांना अहिंसेवर उभं करण्याचं काम मेनोने केलं. १५३६ मध्ये त्याने धर्मगुरूपद सोडलं, १५६१ मध्ये तो वारला, आणि पंथाला त्याचं नाव चिकटलं. पुढे २१ एप्रिल १६३२ रोजी डॉर्ड्रेख्ट इथे अठरा कलमांचा अंगीकार झाला. पाय धुण्याचा विधी त्यातल्या अकराव्या कलमात आहे. सतराव्या कलमात बहिष्कृतापासून दूर राहायला सांगितलं आहे, पण तिथेच हेही बजावलं आहे की तो भुकेला, तहानलेला, उघडा किंवा आजारी असेल तर त्याला मदत करणं हे आपलं कर्तव्यच आहे. शिस्तीचं काम ज्यांच्याकडे आहे त्यांनी हे वाक्य नजरेआड होऊ देऊ नये. १६९३ मध्ये याकोब अम्मानने दूर राहण्याचा अर्थ जेवणाच्या टेबलापर्यंत ताणला, तेव्हा स्वित्झर्लंड आणि अल्सासमधली मंडळी दुभंगली आणि आमिश वेगळे झाले. पुराणमतवादी मेनोनाइट बहुतेक ठिकाणी बहिष्कृताला प्रभुभोजन आणि सभासदत्व नाकारतात, घरातलं ताट नाकारत नाहीत. हा फरक बाहेरच्यांना सहसा माहीत नसतो.

इथून गोष्ट अमेरिकेत जाते. १६८३ मध्ये जर्मनीतल्या क्रेफेल्डची कुटुंबं पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनला उतरली. १७२५ च्या सभेत तिथल्या मंडळ्यांनी डॉर्ड्रेख्टचा अंगीकार स्वीकारला. कपड्यांत मात्र हे लोक शेजाऱ्यांपेक्षा फारसे वेगळे नव्हते. उभ्या पट्टीच्या कॉलरचा, वळवलेल्या पट्ट्या नसलेला कोट त्या काळी बरेच जण घालत. बाया घरात पांढरी टोपी घालत आणि खांद्यावरून छातीवर त्रिकोणी रुमाल घेत. आजचा केप ड्रेस त्या रुमालातूनच आला: खांद्यापासून कमरेपर्यंत दुसरा थर, कमरपट्ट्यात शिवून टाकलेला, म्हणजे अंगाची ठेवण वरून दिसू नये. एकोणिसाव्या शतकात जगाची फॅशन पुढे सरकली, कोटाला लॅपल (वळवलेल्या पट्ट्या) आले, आणि ज्यांनी जुना बेत सोडला नाही ते न हलता वेगळे दिसू लागले. साधा पोशाख कुणी योजून काढला नाही, तो मागे राहिला आणि मग राखला गेला.

राखण्याची वेळ आली ती १८४७ मध्ये. पेनसिल्व्हेनियातल्या फ्रँकोनिया कॉन्फरन्समधला (कॉन्फरन्स म्हणजे मंडळ्यांचा संघ) तरुण पाळक जॉन ओबरहोल्ट्झर जुन्या बेताचा पाळकी कोट घालायला तयार नव्हता. सभेचं इतिवृत्त लिहून ठेवा, लेखी घटना करा, अशीही त्याची मागणी होती. कॉन्फरन्सने दोन्ही नाकारलं आणि फूट पडली. कोटावरून मंडळी फुटली असं हे सांगितलं जातं, ते अर्धंच खरं. मुद्दा अधिकाराचा होता: नियम तोंडी परंपरेत राहावा की कागदावर यावा? मौज म्हणजे पुढे पुराणमतवाद्यांनाही कागदच धरावा लागला. पेनसिल्व्हेनियातल्याच लँकेस्टर कॉन्फरन्सने १८८१ मध्ये आपले नियम लेखी केले. आजच्या पुस्तिकांचा साचा तिथला.

लेखी करण्यात फायदा असा की एका बिशपच्या भागात चालणारी गोष्ट शेजारच्या भागात चालत नाही, ही तक्रार कमी होते. तोटाही तिथेच आहे. तोंडी परंपरेत ‘साधं राहा’ एवढं पुरायचं. कागदावर आलं की माप सांगावं लागतं, आणि माप सांगितलं की काठावर चालणारे निघतात.

कव्हरिंगचा इतिहास यासाठी नीट पाहण्यासारखा आहे. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात प्रार्थनेच्या वेळी स्त्रीने मस्तक झाकावं असं आहे. कापड कुठलं, आकार कुठला, हे नाही. अठराव्या शतकातली टोपी ही रोजच्या वापरातली वस्तू होती. शेजारणींनी ती सोडल्यावर मेनोनाइट बायांच्या डोक्यावर ती उरली, आणि मग तिच्यामागचा शास्त्राधार मुद्दाम शिकवला जाऊ लागला. १८९८ मध्ये डॅनियल कॉफमनने आपल्या सिद्धांतपुस्तकात सात विधी मांडले: बाप्तिस्मा, प्रभुभोजन, पाय धुणं, मस्तक झाकणं, पवित्र चुंबन, तेलाचा अभ्यंग आणि विवाह. टोपी आता बाप्तिस्म्याच्या पंक्तीत बसली. कॉफमन १९०८ पासून १९४३ पर्यंत पंथाच्या साप्ताहिकाचा संपादक होता, त्यामुळे ही मांडणी घरोघर पोचली. त्याच दशकांत घराघरातून जर्मन भाषा जाऊन इंग्रजी आली होती. भाषेचं कुंपण पडलं तेव्हा पोशाखाचं कुंपण उंच झालं, असं माझं मत आहे, आणि तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की ते पटतं.

पुढच्या पन्नास वर्षांत सैल झालेल्या मंडळ्यांतून कव्हरिंग कसं गेलं? एकदम कुणी काढून ठेवलं नाही. आधी हनुवटीखाली बांधायचे बंद सुटे राहिले, मग ते गेले. मग जाळीदार टोपी लहान होत मागे अंबाड्यावर सरकली, मग केस कापले गेले, मग ती फक्त रविवारी उपासनेपुरती उरली, आणि शेवटी तीही नाही. म्हणून आजच्या पुराणमतवादी पुस्तिकांत केस न कापणं, ते वर बांधणं आणि कव्हरिंगने बहुतेक केस झाकले जाणं, हे तिन्ही एकत्र लिहिलेलं असतं. एकच लिहिलं तर उरलेली दोन सुटतात, हे पुस्तिका लिहिणाऱ्यांनी पाहिलेलं आहे.

अंगाबाहेरच्या गोष्टींचे नियम विसाव्या शतकातले. मोटारगाडी बहुतेकांनी स्वीकारली. ज्यांनी नाकारली ते जुन्या वळणाचे गट आधीच वेगळे झाले होते, लँकेस्टरमध्ये १८९३ साली. रेडिओ आणि टीव्हीवर आक्षेप यंत्राला नव्हता, घरात येणाऱ्या आवाजाला होता: कुटुंबाची संध्याकाळ आणि मुलांची करमणूक कोणाच्या हाती? १९५० आणि ६० च्या दशकांत मोठ्या कॉन्फरन्सांनी हे नियम सैल केले. लँकेस्टरने १९६८ मध्ये शिस्तीचा सुधारलेला मसुदा स्वीकारला, तेव्हा काही बिशप आणि त्यांच्या मंडळ्या बाहेर पडल्या आणि ईस्टर्न पेनसिल्व्हेनिया मेनोनाइट चर्च उभं राहिलं. व्हर्जिनियातही १९७२ च्या सुमारास असंच झालं. आज ज्यांना ‘कन्झर्व्हेटिव्ह मेनोनाइट’ म्हणतात त्यातले बरेच संघ या वीसेक वर्षांतले आहेत. नाव जुनं, नियमांची मुळं जुनी, संघटना मात्र अलीकडची.

सरकारशी असलेले नियम याच काळात कायद्यात बसले. दुसऱ्या महायुद्धात बंदूक नाकारणाऱ्या सुमारे १२ हजार तरुणांनी १९४१ ते १९४७ या काळात नागरी सेवा केली, त्यात मेनोनाइट सर्वांत जास्त होते. जंगलातले वणवे विझवणं आणि मनोरुग्णालयांत सेवा ही त्यातली मुख्य कामं. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठवीनंतर मुलांना शाळेत पाठवण्याची सक्ती आमिश पालकांवर करता येणार नाही असा निकाल दिला. खटला विस्कॉन्सिनचा, दंड होता प्रत्येकी ५ डॉलर, आणि तीन पालकांपैकी दोन जुन्या वळणाचे आमिश, तर एक पुराणमतवादी आमिश मेनोनाइट मंडळीचा होता.

आता हे चालतं कसं ते. प्रभुभोजन बहुधा वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात. त्याआधी विचारणा-सभा होते. शिस्तपुस्तिका वाचली जाते, आणि मग प्रत्येक सभासद बिशपपुढे सांगतो: देवाशी शांती आहे, मंडळीशी शांती आहे, प्रभुभोजन घ्यायची इच्छा आहे. ज्याला हे सांगता येत नाही तो थांबतो. भांडण असेल तर ते आधी मिटवायचं. १५२७ चं ‘भाकर मोडण्याआधी’ ते हेच. प्रभुभोजनानंतर पुरुष पुरुषांचे आणि बाया बायांचे पाय जोडीजोडीने धुतात, घंगाळ आणि टॉवेल घेऊन. उगीच दोन पाळकांत अबोला असेल तर त्या दिवशी तो फार जाणवतो.

पाळक निवडायची रीतही शिस्तीचाच भाग आहे. सभासद एकेक करून बिशपच्या कानात नाव सांगतात. पुरेशी नावं आलेल्यांची विचारपूस होते. मग टेबलावर सारखीच पुस्तकं मांडतात, उमेदवार असतील तितकी, आणि त्यातल्या एकात नीतिसूत्रांच्या सोळाव्या अध्यायातल्या चिठ्ठीच्या वचनाची चिठ्ठी असते. प्रत्येकाने एक पुस्तक उचलायचं. बिशप एकेक उघडून पाहतो. ज्याच्या पुस्तकात चिठ्ठी, त्याची तिथल्या तिथे दीक्षा, जन्मभरासाठी, बिनपगारी.

बिघडतं कुठे, हेही सांगायला हवं. पहिलं, मत्तय अठराची खाजगीत सांगायची पायरी लहान मुलांवरच्या अत्याचाराला लावली गेली, आणि ‘माफी मागितली, प्रकरण संपलं’ असं झालं. ही पायरी भावाभावांतल्या अपराधासाठी आहे. मुलावरचा अत्याचार हा गुन्हा आहे, आणि पेनसिल्व्हेनियात पाळकांवर तो कळवण्याचं कायदेशीर बंधन आहे. यात दुमत असू नये. दुसरं, कारण न सांगता नुसतं माप शिकवलं की पुढची पिढी माप सोडते आणि सोबत कारणही. तिसरं, सगळे नियम एकाच वजनाने तोलले जातात. शपथ नाकारण्यासाठी माणसं मेली आहेत. टायसाठी कोणी मेलेलं नाही; कोटाला गळ्यापर्यंत बटणं होती, तिथे टायला जागाच नव्हती.

आपल्याकडचा धागा छोटा पण खरा आहे. १८९९ मध्ये अमेरिकन मेनोनाइट मिशनरी भारतात आले आणि धमतरीला स्थिरावले. तेव्हा तो मध्य प्रांतांचा भाग होता, राजधानी नागपूर. आज तो छत्तीसगडमध्ये आहे. त्या मुलखात डोक्यावर पदर घेण्याची रीत आधीपासूनच होती. करिंथकरांच्या पत्रातलं मस्तक झाकणं आणि पेनसिल्व्हेनियातली जाळीची टोपी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथे पदर पाहिल्यावर जितकं स्पष्ट होतं तितकं लँकेस्टरमध्ये बसून होत नाही.

सगळ्यात वरचा थर स्मार्टफोनचा आहे. कामापुरतं इंटरनेट, त्यावर गाळणी बसवलेली, तिचा पासवर्ड दुसऱ्याकडे, आणि कोणी काय पाहिलं याचा अहवाल एखाद्या भावाकडे जाणारा, अशी कलमं आता अनेक पुस्तिकांत आहेत. सभासदांपुढे ती वाचली जातात त्याच विचारणा-सभेत, शपथेच्या कलमानंतर थोड्याच वेळाने.