रघुजी

रघुजी : मराठी पुरुषनाम. ‘रघु’ या संस्कृत नावाला आदरार्थी ‘जी’ जोडून झालेले. नागपुरात ते भोसले घराण्यामुळे परिचित आहे. पहिला (मृत्यू १७५५), दुसरा (कारकीर्द १७८८–१८१६) आणि तिसरा (१८१८–५३) असे तीन रघुजी तिथे सत्तेवर होते.

रघु हा सूर्यवंशी राजा, रामाचा पणजोबा. कालिदासाने ‘रघुवंशा’च्या तिसऱ्या सर्गात हे नाव ‘जाणे’ या अर्थाच्या धातूवरून लावले आहे : मुलगा विद्येच्या आणि रणात शत्रूंच्या पार जावो, म्हणून दिलीपाने ते ठेवले. घरोघरी मात्र हे नाव ठेवताना मनात राम असतो, व्याकरण नव्हे. पहिल्या रघुजीची जन्मकथाही तशीच सांगतात. वाईजवळच्या पांडववाडीला रामभक्त रामाजीपंत कोल्हटकरांच्या आशीर्वादाने बिंबाजी भोसल्यांना मुलगा झाला आणि रामावरून त्याचे नाव पडले. आशीर्वादाचा भाग श्रद्धेचा. कोल्हटकरांशी घरोबा मात्र खरा. बंगालच्या स्वारीत भास्करराम कोल्हटकर हाच रघुजीचा सेनापती होता.

दुसरा रघुजी पहिल्याचा नातू. आजोबाचे नाव नातवाला, ही मराठी घरांची जुनी रीत. तिसऱ्याची गोष्ट निराळी. तो दुसऱ्या रघुजीच्या मुलीचा मुलगा. मूळ नाव बाजीबा. १८१८ मध्ये दत्तक घेऊन त्याला गादीवर बसवले, तेव्हा तो रघुजी झाला. म्हणजे एव्हाना हे नाव पाळण्यातले कमी आणि गादीचे जास्त झाले होते. १८५४ मध्ये राज्य खालसा झाल्यावरही रीत मोडली नाही : पुढे दत्तक आलेल्या यशवंतरावांना जानोजी हे पूर्वजाचेच नाव मिळाले.

लेखनात एकवाक्यता नाही. राज्य शासनाने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून घेतलेल्या तलवारीच्या पात्यावर मुठीजवळ सोन्याच्या अक्षरांत ‘श्रीमंत रघोजी भोसले’ असे आहे. जानोजी, मुधोजी, परसोजी या घराण्यातल्या इतर नावांशी हा ‘ओ’ जुळतो. ‘राघोजी’ हे रूपही चालते. इंग्रजांनी १८४८ मध्ये फाशी दिलेले राघोजी भांगरे प्रसिद्ध आहेत.

विदर्भात ‘जी’ रोजच्या बोलण्यात सर्रास येतो (‘हव जी’, ‘काऊन जी’), त्यामुळे तिथे ‘जी’कारान्त नावे कानाला जुनाट लागत नाहीत, तुकडोजी, आडकोजी ही संतनामे तिथलीच. तरी बारशाला आता राघव किंवा रघुनाथ ठेवतात. रघुजी हे नाव नागपुरात रघुजीनगरच्या पत्त्यात मात्र रोज लिहिले जाते.