ब्रिटानिकस: चौदा पूर्ण होण्याआधी

इसवी सन ५५, फेब्रुवारी. रोमच्या राजवाड्यात जेवण चाललं आहे. सम्राट नीरो आणि मोठी माणसं कोचावर रेलून जेवत आहेत. घराण्यातली मुलं रिवाजाप्रमाणे वेगळ्या, साध्या मेजावर बसली आहेत. त्या मेजावर ब्रिटानिकस आहे, आधीचा सम्राट क्लॉडियस याचा सख्खा मुलगा. त्याच्यासमोर येणारा प्रत्येक पदार्थ एक नोकर आधी चाखून बघतो. गरम पेय आलं, नोकरानं चाखलं, त्याला काही झालं नाही. पण ते फार कढत होतं, म्हणून मुलानं परत केलं. निववायला त्यात थंड पाणी ओतलं गेलं. ते पाणी कुणी चाखलं नव्हतं आणि विष त्यातच होतं. मुलाची वाचा गेली, श्वास थांबला. नीरो रेललेलाच राहिला. म्हणाला, याला लहानपणापासून फेफरं येतं, येईल शुद्धीवर. थोडा वेळ सगळे गप्प राहिले आणि मग जेवण पुन्हा सुरू झालं.

या मृत्यूची गोष्ट बहुतेक वेळा विषापासून सांगितली जाते. मला ती सहा-सात वर्षं आधीपासून सांगावीशी वाटते, कारण हा मुलगा त्या मेजावर येईपर्यंत पुरता एकटा पडला होता, आणि त्याला एकटं पाडण्याचं काम उघडपणे, रीतसर झालं होतं.

ब्रिटानिकसचा जन्म १२ फेब्रुवारी ४१चा. बाप नुकताच गादीवर बसला होता. दोनच वर्षांनी रोमन फौजा ब्रिटनमध्ये उतरल्या आणि त्या विजयावरून मुलाला हे नाव मिळालं. ४८मध्ये त्याची आई मेसालिना कटाच्या आरोपावरून मारली गेली. तेव्हा तो सात वर्षांचा होता. ४९मध्ये क्लॉडियसनं आपली सख्खी पुतणी आग्रिपिना हिच्याशी लग्न केलं. तिला आधीच्या लग्नाचा एक मुलगा होता, ल्यूशियस डोमिशियस, ब्रिटानिकसपेक्षा तीन वर्षांनी मोठा. ५०मध्ये क्लॉडियसनं त्याला दत्तक घेतलं आणि त्याचं नाव झालं नीरो. रोमन कायद्यात दत्तक मुलगा आणि पोटचा मुलगा यांत फरक नव्हता. सम्राटपद वारशानं कुणाकडे जावं याचाही लेखी नियम नव्हता. अशा वेळी वयानं मोठा कोण आणि पहाऱ्यावरचं सैन्य कुणाचं, एवढंच उरतं.

आग्रिपिनेनं नेमकं हेच हेरलं. रोममध्ये साधारण चौदा ते सोळाच्या वयात मुलगा जांभळ्या काठाचा बालपणीचा टोगा (अंगाभोवती गुंडाळायचं वस्त्र) उतरवून मोठ्यांचा पांढरा टोगा घाली आणि मग सार्वजनिक जीवनात येई. नीरोला तो ५१मध्ये, तेराव्या वर्षीच दिला गेला. त्याच वर्षी सर्कसच्या, म्हणजे रथशर्यतींच्या मैदानावरच्या, खेळांत दोघं लोकांसमोर आले, नीरो विजयी सेनापतीच्या वेशात आणि ब्रिटानिकस पोराच्या कपड्यांत. बघणाऱ्यांना वेगळं सांगायची गरजच उरली नाही.

पुढे एकदा दोघं समोरासमोर आले. नीरोनं त्याला नावानं हाक मारली, तर ब्रिटानिकसनं उलट त्याला ‘डोमिशियस’ म्हटलं, म्हणजे दत्तकाआधीचं नाव. दहा वर्षांच्या पोराचा एक शब्द. आग्रिपिनेनं तो नवऱ्याकडे नेला, हे शिक्षकांनीच भरवलेलं विष आहे अशी तक्रार केली, आणि मुलाचे चांगले शिक्षक हटवले गेले. त्यांच्या जागी सावत्र आईची माणसं आली. प्रिटोरियन म्हणजे सम्राटाच्या खास पहारेकऱ्यांचे दोन प्रमुख मेसालिनेच्या मुलांच्या बाजूचे समजले जात. त्यांना काढून एकट्या बुर्रसला नेमलं. ५३मध्ये ब्रिटानिकसची बहीण ऑक्टेव्हिया नीरोला दिली.

शेवटी शेवटी क्लॉडियसचं मन पालटत होतं, तो ब्रिटानिकसला मोठ्यांचा टोगा द्यायचं बोलू लागला होता, असं सांगतात. १३ ऑक्टोबर ५४ला क्लॉडियस मेला. त्या सकाळी आग्रिपिनेनं ब्रिटानिकसला मिठीत घेतलं, बापाचं हुबेहूब रूप म्हणाली आणि खोलीबाहेर पडू दिलं नाही. दुपारी दारं उघडली, नीरो बुर्रससोबत बाहेर आला. काही शिपायांनी मागे वळून विचारलं, ब्रिटानिकस कुठे आहे? उत्तर आलं नाही. प्रत्येकी १५,००० सेस्टर्स (रोमन नाणी) कबूल झाल्यावर विचारणंही थांबलं.

मग आई आणि नीरो यांच्यातच बिनसलं. रागाच्या भरात आग्रिपिना म्हणाली, खरा वारस ब्रिटानिकस आता वयात आला आहे. ज्या मुलाचं सगळं तिनंच काढून घेतलं होतं, त्याच्याच नावानं ती आता आपल्या मुलाला धमकावत होती. या प्रकरणात मला सर्वांत क्रूर वाटतं ते हे वाक्य. चौदावा वाढदिवस तोंडावर आला होता आणि त्याआधीच मुलगा गेला. विष बनवणारी लोकुस्टा होती. त्याच रात्री धो धो पावसात, घाईघाईनं अंत्यविधी उरकला.

टॅसिटस आणि स्यूटोनियस या रोमन इतिहासकारांनी हे साठ-सत्तर वर्षांनी लिहिलं. मृत्यू खरोखर फेफऱ्यानंच झाला असेल असं मानणारे अभ्यासकही आहेत. मला ते पटत नाही, कारण अंत्यविधीची एवढी घाई नीरोला अडचणीची ठरते.

त्या मेजावर ब्रिटानिकसशेजारी त्याच्याबरोबर शिकणारा टायटस बसला होता. त्याच पेल्यातलं थोडं त्यानंही प्यालं आणि तो बरेच दिवस आजारी होता, असं स्यूटोनियस सांगतो. पुढे ७९मध्ये टायटस स्वतः सम्राट झाला. त्यानं मित्राचा सोन्याचा पुतळा राजवाड्यात उभारला आणि दुसरा, घोड्यावर बसलेला, हस्तिदंतात घडवून घेतला. तो सर्कसच्या खेळांच्या मिरवणुकीत पुढे नेला जाई. तेच खेळ, ज्यांत हा मुलगा एकदा पोराच्या कपड्यांत उभा होता.