पेंडीतला स्टार्च मोजायचा, म्हणजे नेमकं काय मोजायचं?

गोळी पेंडीच्या पोत्यावर प्रथिनं किती, स्निग्धांश किती, तंतू किती हे छापलेलं असतं. स्टार्चचा आकडा सहसा नसतो. खरं तर मंगळवेढ्याची ज्वारी असो की मक्याचा भरडा, सोलापूर जिल्ह्यातल्या गोठ्यात खुराक म्हणून जे धान्य जातं, त्याच्या कोरड्या वजनात साधारण 70 टक्के स्टार्चच असतो. कडब्यात तो जवळपास नसतोच.

रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटात जंतू हा स्टार्च झपाट्याने आंबवतात आणि त्यातून आम्लं तयार होतात. बेताने मिळाला तर याच आम्लांच्या ऊर्जेवर दूध निघतं. एकदम जास्त पोटात गेला, तर लॅक्टिक आम्ल साठतं, पोटातला सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप; जितका कमी तितकं आम्ल जास्त) साडेपाचच्या खाली घसरतो आणि जनावर वैरण सोडून रवंथ थांबवतं. लग्नसराईत उरलेला भात गाईपुढे ओतला की पशुवैद्यकांचे फोन वाजतात, ते यामुळेच. म्हणून खाद्यात स्टार्च किती, हे नुसतं पुस्तकी कुतूहल नाही.

अडचण अशी की स्टार्च थेट मोजताच येत नाही. आयोडीनचा थेंब टाकला की निळा रंग येतो, हे शाळेत सगळ्यांनी पाहिलंय. पण त्यावरून स्टार्च आहे एवढं कळतं, टक्केवारी नाही. प्रयोगशाळेत मोजतात ते ग्लुकोज. दळलेल्या नमुन्यातला चिमूटभर नळीत घ्यायचा, त्यावर उष्णता सोसणारं अल्फा-अमायलेज हे विकर (एन्झाइम) घालून 100 अंशांवर तासभर ठेवायचा, मधून मधून घुसळायचा. स्टार्चच्या लांब साखळ्यांचे तुकडे पडतात. मग अमायलोग्लुकोसिडेज घालून 50 अंशांवर दोन तास. ते तुकड्यांचं ग्लुकोज करतं. शेवटी रंग आणणारं द्रावण मिसळायचं. गुलाबी रंग जितका गडद, तितकं ग्लुकोज जास्त. आलेल्या ग्लुकोजला 0.9 ने गुणलं की स्टार्च. साखळी तुटताना प्रत्येक दुव्याला पाण्याचा एक रेणू चिकटतो. 162 वजनाच्या दुव्याचं 180 वजनाचं ग्लुकोज होतं, तेवढी वजावट.

थोडक्यात, सगळी भिस्त एका गृहीतकावर आहे: नळीतलं ग्लुकोज स्टार्चमधूनच आलं, आणि स्टार्चचं सगळं ग्लुकोज हाती लागलं. पद्धत पारखायची म्हणजे या दोन्ही बाजूंनी ती फसते कुठे, हे शोधायचं.

आधी ग्लुकोज जास्त कसं भरतं ते पाहू. आपल्याकडे साखर कारखान्यांची रेलचेल, त्यामुळे मळी खाद्यात मिसळली जातेच. मळीत मोकळं ग्लुकोज असतं. ते काढून टाकायला विकरांशिवायचा वेगळा नमुना लावून वजाबाकी करतात. पण मळीत सुक्रोजही असतं, म्हणजे आपली साखर. विकर पुरेसं शुद्ध नसेल आणि त्यात साखर फोडणारा अंश असेल, तर सुक्रोजमधूनही ग्लुकोज सुटतं. विकरांशिवायच्या नळीत सुक्रोज शाबूत राहतं, त्यामुळे वजाबाकीत ही चूक पकडली जात नाही. समजा खाद्यात 4 टक्के सुक्रोज आहे आणि ते सगळं फुटलं, तर अहवालात सुमारे 1.9 टक्के जादा स्टार्च दिसेल. म्हणून चांगली प्रयोगशाळा एका नळीत नुसती साखर घालून पाहते. तिथे स्टार्च ‘सापडला’, तर विकराची बाटली बदलायची.

ग्लुकोज कमी भरण्याचं कारण आणखी मजेशीर आहे. तापवताना द्रावणाचा सामू उदासीन किंवा अल्कधर्मी असेल, तर साखळीच्या टोकाच्या ग्लुकोजचं फ्रुक्टोज होतं. त्यातून माल्ट्युलोज ही साखर बनते. अमायलोग्लुकोसिडेजला ती फोडता येत नाही, आणि तेवढा स्टार्च हिशोबातून गळतो. अमेरिकेतल्या मेरी बेथ हॉल यांनी पशुखाद्यासाठी मांडलेल्या पद्धतीत म्हणूनच सामू 5 चं अॅसिटेट द्रावण वापरतात. अनेक प्रयोगशाळांत तपासून ती, तपासणीच्या पद्धती प्रमाणित करणाऱ्या एओएसी या संस्थेने 2014.10 क्रमांकाने स्वीकारली. त्याआधीची जुनी अधिकृत पद्धत का सुटली, तर तिच्यात सांगितलेलं रोझाइम-एस हे विकर बाजारात मिळेनासं झालं! कागदावर पद्धत अधिकृत, पण करणार कशी?

मग येतो उतारा. साखर कारखान्यात उसाचा उतारा बघतात, तसा इथे शुद्ध मका-स्टार्चचा बघायचा: घातला किती, सापडला किती. इथे एक साधी गोष्ट हमखास नडते. बाटलीतल्या ‘शुद्ध’ स्टार्चमध्येही दहाएक टक्के ओलावा असतो. तो न वजा करता हिशोब केला, तर उतारा 90 टक्क्यांच्या आसपास येतो आणि निर्दोष पद्धत उगाच बदनाम होते.

एकाच माणसाने एकाच दिवशी केलेल्या दोन मोजण्या जुळणं सोपं असतं. वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे जुळणं अवघड, आणि माझ्या मते पद्धतीचा कस तिथेच लागतो. दळण जाडंभरडं राहिलं, तरी आकडे हलतात.

दूध उत्पादकाच्या हाती अहवाल आला की आधी पाहावं, आकडा कोरड्या वजनावर आहे की आहे तशा खाद्यावर. कोरड्या गोळी पेंडीत फरक थोडाच पडतो. पण मुरघासात, म्हणजे खड्ड्यात मुरवलेल्या हिरव्या वैरणीत, शंभरातले सत्तर भाग पाणी असेल, तर 9 टक्के आणि 30 टक्के हे दोन्ही आकडे एकाच खड्ड्यातल्या मुरघासाचे असू शकतात.