'जड ते आधी तळाला' हे अर्धसत्य

नाशिकच्या सराफ बाजारातली धूळ धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी पाहिले की वाटतं, जड कण आपसूक खाली बसतो. खनिज वेगळं करण्याचं गणितही लोक असंच समजतात: घनता कळली की काम झालं. तसं नाही.

बारीक कणाचा बुडण्याचा वेग दोन गोष्टींवर ठरतो: पाण्यापेक्षा तो किती जास्त घन आहे आणि त्याच्या व्यासाचा वर्ग. सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट, गारेच्या (क्वार्ट्झच्या) वाळूची २.६५ पट. पाण्याची १ वजा करून भागा: १८.३ भागिले १.६५, म्हणजे सुमारे ११; वेग व्यासाच्या वर्गावर ठरतो, म्हणून याचं वर्गमूळ घ्या: ३.३. म्हणजे १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सोन्याचा कण आणि ३३ मायक्रॉनचा वाळूचा कण जवळपास एकाच वेगाने बुडतात! हा गोल कणांचा हिशोब. पातळ चपटा कण आणखी रेंगाळतो. म्हणून आधी चाळून एका मापाचे कण एकत्र करणं फार महत्त्वाचं. झारेकऱ्याचं कसबही नुसत्या वजनावर विसंबत नाही, तो पाणी हलवून हलवून थर लावतो.

दाट गाळात कण एकमेकांना अडवतात, तिथे हे सूत्र तसंच्या तसं चालत नाही. १९५४ साली रिचर्डसन आणि झाकी या संशोधकांनी त्यासाठी दुरुस्ती दिली. अशा गाळाचं गणिती प्रतिमान मांडताना ती धरावीच लागते.