२१४७४८३६४७ (आठवी मर्सेन मूळ संख्या)

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस ही दहा अंकी मूळ संख्या. २ च्या ३१ व्या घातातून १ वजा केला की ती मिळते, म्हणून द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून लिहिल्यास) ती नुसत्या ३१ एकांची रांग दिसते. अशा रूपाच्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात.

घातांक मूळ असला म्हणून उत्तर मूळ निघतेच असे नाही. २ च्या ११ व्या घातातून १ वजा केल्यास २,०४७ उरतात, आणि ते २३ × ८९. घातांक ३१ ने मूळ संख्या मिळते असा दावा फ्रेंच पंडित मर्सेन यांनी १६४४ मध्ये केला होता, पण त्यांच्या यादीतले ६७ व २५७ पुढे चुकीचे ठरले. ३१ ची सिद्धता गणिती ऑयलर यांनी १७७२ मध्ये दिली.

तीत खरी गंमत आहे ती भागाकार वाचवण्याची. वर्गमूळ ४६,३४१ च्या किंचित खाली येते. तिथपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहायचे तर पावणेपाच हजारांहून अधिक भागाकार. समजा, 'क' हा मूळ विभाजक आहे. मग २ च्या ३१ व्या घाताला 'क'ने भागल्यास बाकी १ उरते, आणि फर्माच्या प्रमेयानुसार क − १ ला ३१ ने भाग जातो. 'क' विषम असल्याने ६२ नेही जातो. शिवाय २ चा ३२ वा घात ही वर्गसंख्या, आणि 'क'ने भागल्यावर तिची बाकी २. त्यामुळे 'क'ला ८ ने भागल्यावर १ किंवा ७ च उरू शकतात. दोन्ही अटी जुळवल्या की २४८न + १ आणि २४८न + ६३ (न ही पूर्ण संख्या) एवढीच रूपे उरतात. मर्यादेच्या आत अशा संख्या पावणेचारशेसुद्धा नाहीत, आणि त्यांतल्याही बऱ्याच संयुक्त. एकानेही भाग जात नाही.

हिला २ च्या ३० व्या घाताने गुणले की १९ अंकी परिपूर्ण संख्या, म्हणजे स्वतःखेरीज बाकी सर्व विभाजकांच्या बेरजेइतकी संख्या, मिळते. याहून मोठी परिपूर्ण संख्या शोधायच्या फंदात कोणी पडणार नाही, असे इंग्रज गणिती पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये लिहिले, कारण उपयोग शून्य. १८७६ मध्ये फ्रेंच गणिती ल्युका यांनी घातांक १२७ ने मूळ संख्या मिळते हे सिद्ध केले आणि तो अंदाज कोसळला.

संगणकातल्या ३२ बिटांच्या चिन्हांकित (धन किंवा ऋण असू शकणाऱ्या) पूर्णांकाची कमाल किंमत हीच. १९ जानेवारी २०३८ रोजी, जागतिक वेळेनुसार ०३:१४:०७ वाजता, १९७० पासून सेकंद मोजणारी संगणकांची जुनी घड्याळे इथे येऊन अडतील. मूळ असण्याचा त्याच्याशी संबंध नाही. तो येतो यादृच्छिक संख्या तयार करताना. आधीच्या संख्येला १६,८०७ ने, म्हणजे ७ च्या पाचव्या घाताने, गुणून २१४७४८३६४७ ने भागायचे आणि बाकी ठेवायची. १ ते २१४७४८३६४६ यांतली प्रत्येक संख्या एकदा येऊन गेल्याशिवाय कोणतीही दुसऱ्यांदा येत नाही. भागाकारही नावापुरताच: खालचे ३१ बिट आणि उरलेले वरचे बिट यांची बेरीज केली की काम जवळजवळ झाले.

घातांक ३१ स्वतःही मर्सेन मूळ संख्या आहे, २ च्या पाचव्या घातातून १ वजा केलेली. साखळी पुढे न्यायचा मोह होतो, पण २१४७४८३६४७ हाच घातांक घेतल्यावर येणारी सुमारे ६४ कोटी ६४ लाख अंकी संख्या संयुक्त आहे. तिला २९,५२,५७,५२,६६,२६,०३१ ने भाग जातो.