'सिन्स' कुठे आणि 'फॉर' कुठे?

'दोन वर्षांपासून' आणि '२०२० पासून', मराठीत दोन्हीकडे 'पासून'च. इंग्रजीत मात्र इथे वेगवेगळे शब्द लागतात, आणि 'सिन्स टू इयर्स' ही चूक त्यातूनच होते.

'सिन्स'नंतर सुरुवात कधी झाली ते येतं: सिन्स मंडे, सिन्स २०२०, सिन्स चाइल्डहुड. 'फॉर'नंतर किती काळ ते येतं: फॉर थ्री डेज, फॉर अ लाँग टाइम. अडलं की कॅलेंडर डोळ्यांसमोर आणा. सोमवारवर बोट ठेवता येतं, म्हणून 'सिन्स'. 'तीन दिवस' मोजावे लागतात, म्हणून 'फॉर'. 'सिन्स लाँग' याच कसोटीवर नापास होतं.

'लास्ट' आला की चांगले चांगले गोंधळतात. 'सिन्स लास्ट वीक' म्हणजे मागच्या आठवड्यात कधीतरी सुरू झालं, ते अजून चालू आहे. 'फॉर द लास्ट वीक' म्हणजे गेले सात दिवस. दोन्ही बरोबर, अर्थ वेगळे. 'सिन्स द लास्ट टू इयर्स' मात्र चूक. तिथे 'फॉर द लास्ट टू इयर्स' हवं, आणि त्यातला 'द' गाळायचा नाही.

एवढं सुधारूनही काम अर्धंच होतं, कारण खरी अडचण क्रियापदात आहे. 'मी इथे दोन वर्षं काम करतोय' हा मराठीत चालू वर्तमानकाळ, म्हणून 'आय अ‍ॅम वर्किंग हिअर फॉर टू इयर्स' असं तोंडात येतं. हवं 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स'. मागे सुरू झालेलं आणि अजून चालू असलेलं सांगायला 'हॅव' किंवा 'हॅज' लागतंच. 'नो' (ओळखणं) यासारख्या क्रियापदांना 'आयएनजी' चालत नाही, म्हणून 'आय हॅव नोन हर फॉर टेन इयर्स'.

ही फक्त व्याकरणाची बारकाई नाही, अर्थच बदलतो. 'आय हॅव बीन हिअर फॉर टू वीक्स' म्हणजे येऊन दोन आठवडे झाले. 'आय अ‍ॅम हिअर फॉर टू वीक्स' ऐकणाऱ्याला मुक्काम एकूण दोन आठवड्यांचा आहे असं वाटेल, मग तुम्ही आजच आलेले का असेना. आणि 'आय वर्क्ड देअर फॉर टू इयर्स' म्हटलंत, तर ती नोकरी सुटली.

म्हणजे 'फॉर' भूत, वर्तमान, भविष्य सगळीकडे चालतो. 'सिन्स' तसा नाही. पुढच्या सोमवारपासून सुरू होणाऱ्या गोष्टीला 'फ्रॉम नेक्स्ट मंडे' म्हणायचं. 'सिन्स'नंतर पूर्ण वाक्य आलं, तर सहसा तिथे साधा भूतकाळ येतो आणि मुख्य वाक्यात 'हॅव': 'आय हॅव नॉट सीन हिम सिन्स ही लेफ्ट'.

प्रश्न विचारताना 'सिन्स हाऊ लाँग' नको, नुसतं 'हाऊ लाँग' पुरे. 'ऑल डे'च्या आधी 'फॉर' लावत नाहीत.

'सिन्स'चा दुसरा अर्थ 'कारण'. 'सिन्स शी लेफ्ट, ही हॅज बीन अनहॅपी' याचा अर्थ 'ती गेल्यापासून' की 'ती गेली म्हणून', हे वाक्यावरून कळत नाही. कारणच सांगायचं असेल, तर अशा ठिकाणी सरळ 'बिकॉज' लिहा.